मदत हवी आहे : ट्रॅव्हल ट्रेलर घेतोय, डीलरने किमतीवर ५,७७२ डॉलर चढवलेत

निवांत
मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखनाकडे कानाडोळा करा. शनिवारी संध्याकाळपर्यंत डीलरला हो-नाही सांगायचंय. ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतोय, दोन मुलं आहेत म्हणून बंकवाला (एकावर एक झोपायचे पलंग असलेला) हवा होता आणि तसा मिळाला. साइटवर किंमत २४,९९५ डॉलर, मला वाटलं त्यात सगळं आलं. काल गेलो तर दीड तास मुलांना पॉपकॉर्न खायला घालून, मुलं बंकवर चढून उतरायला तयार नाहीत अशी अवस्था झाल्यावर त्या माणसाने एक कागद पुढे सरकवला. फ्रेट (कारखान्यातून आणायचा खर्च) १,८९५, प्रेप (ताब्यात देण्याआधीची तपासणी-तयारी) १,४९५, डीलर फी ९९९, इलेक्ट्रॉनिक फायलिंग १८९, स्टार्टर किट ३९९, पेंट-टायर प्रोटेक्शन ७९५. नुसते वरचे ५,७७२! टॅक्स वेगळा. विचारलं तर म्हणे सगळेच देतात सर.
यातलं खरंच काय द्यावं लागतं आणि काय काढून घेता येतं? 'ट्रेलर कशाला, टेंट घ्या' असले सल्ले कृपया नकोत.

खडूस_काका
राज्य कुठलं ते आधी सांगा. अमेरिकेत प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. कॅलिफोर्नियात डॉक फीला (डीलरच्या कागदपत्रांच्या फीला) ८५ डॉलरची मर्यादा आहे, काही राज्यांत काहीच मर्यादा नाही. राज्य न सांगता प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरला फोनवर 'दुखतंय' एवढंच सांगणं.

मोगरा७
टेंट घ्या. (सॉरी, राहवलं नाही.)

निवांत
फ्लोरिडा. टँपाजवळ. मला वाटलं फी सगळीकडे सारखी.

खडूस_काका
मग संपलं. फ्लोरिडात डीलर फीवर मर्यादा नाही. ९९९ ऐकून धक्का बसायचं कारण नाही, तिथे हजाराच्या आसपास सर्रास घेतात. सरळ कॅश घेऊन जा, टेबलावर ठेवा, म्हणा एवढेच देणार. कॅश बघितली की सगळे वितळतात.

हायवेवरचा_हरी
काका, कॅशचा जमाना गेला. डीलर फायनान्सवर कमावतो, बँकेने दिलेल्या व्याजदरावर स्वतःचा पाव-अर्धा-एक टक्का चढवतो आणि आरव्हीचं (राहायची सोय असलेल्या गाड्या-ट्रेलरचं) कर्ज दहा-पंधरा वर्षांचं असतं, हिशोब करा. 'मी कॅश देणार' हे पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं की त्याचं तेवढं उत्पन्न गेलं, मग तो किमतीत कशाला सोडेल? कसे पैसे देणार हे शेवटपर्यंत बोलू नका. क्रेडिट युनियनचं (सभासदांच्या पतपेढीचं) प्री-अप्रूव्हल, म्हणजे आधीच मंजूर कर्ज, खिशात असू द्या.
निवांत, मी २ ट्रेलर घेतलेत, दुसरा बऱ्यापैकी शहाणा होऊन घेतला. एक-एक फीवर भांडू नका. तुम्ही ९९९ काढायला लावले तर तो ट्रेड-इनमध्ये (तुमच्या जुन्या गाडीच्या बदल्यात देतो त्या रकमेत) नाहीतर किमतीत तेवढेच घालतो. एकच आकडा मागा, आउट-द-डोअर, म्हणजे टॅक्स-टॅग-टायटलसकट (टॅग नंबरप्लेट, टायटल मालकीचा कागद) गेटमधून बाहेर पडेपर्यंत एकूण किती. तोही ईमेलवर. तोच मेल तीन-चार डीलरना पाठवा. मग आकड्याला आकडा लावून बघायचा, आतल्या ओळींना त्याने काय नाव ठेवलंय याच्याशी आपलं काय घेणंदेणं.

तिखटमीठ
हरी, हे अर्धंच बरोबर आहे. काही ओळींवर भांडायलाच हवं. फ्रेट खरी असते, बहुतेक ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्ट भागात बनतात आणि तिथून कोणीतरी पिकअपला जोडून अकराशे-बाराशे मैल ओढत आणतो. पण कारला जसा काचेवर फेडरल स्टिकर सक्तीचा असतो आणि त्यात डेस्टिनेशन चार्ज लिहिलेला असतो तसा ट्रेलरला सक्तीचा नसतो. म्हणून काही डीलर फ्रेट एमएसआरपीत (कंपनीने सुचवलेल्या किमतीत) धरून परत खाली वेगळी लावतात. थेट विचारा, एमएसआरपीत फ्रेट धरलीय का? आणि एमएसआरपी किती आहे? २४,९९५ ही 'सवलतीची' किंमत असेल ना? आरव्हीत एमएसआरपीवर २०-३० टक्के कमी होणं ही काही मेहेरबानी नाही.
डीलर फी आणि फायलिंग या दोन्ही कागदपत्रांच्याच फिया आहेत. एकाच कामाचे दोनदा. १८९ काढायला लावा.

पुणेरी_पाटी
आमच्याकडे पण हेच. मागच्या वर्षी स्कूटर घेतली, शोरूमने हँडलिंग चार्जेस म्हणून दीड हजार लावले. मी म्हटलं याची वेगळी पावती द्या, त्यावर हँडलिंग म्हणजे काय केलंत ते लिहा. माणूस आत गेला, दहा मिनिटांनी आला, म्हणाला 'काढले साहेब'. इन्शुरन्सही बाहेरून काढला, त्यातही वाचले. पावती मागा!

निवांत
एमएसआरपी ३४ हजार काहीतरी होती, म्हणून तर मला डील वाटली. प्रोटेक्शनचं म्हणतो की आधीच लावून झालंय, टायरमध्ये नायट्रोजन भरलाय, आता काढता येत नाही.

तिखटमीठ
नायट्रोजन काढता येत नाही 😂 आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, निवांत. म्हणा, काढू नका, राहू द्या, पण माझ्याकडून पैसे घेऊ नका. लावण्याआधी मला विचारलं नव्हतं ना?

ॲटलांटाचा_वकील_नाही
अहो यासाठी फेडरल नियम आहे की. एफटीसीने (ग्राहक-संरक्षण बघणाऱ्या फेडरल संस्थेने) २०२३ च्या डिसेंबरमध्ये कार्स रूल आणलाय, डीलरला पूर्ण किंमत आधीच सांगावी लागते आणि निरुपयोगी ॲड-ऑनला बंदी आहे. त्याचं प्रिंटआउट दाखवा.

खडूस_काका
दाखवू नका, हसतील. तो नियम लागूच झाला नाही. आधी स्थगिती मिळाली आणि जानेवारी २०२५ मध्ये फिफ्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाने रद्द केला. आणि गंमत म्हणजे लागू झाला असता तरी उपयोग नव्हता, मोटरहोम आणि आरव्ही ट्रेलर त्यातून आधीच वगळले होते. नाव 'वकील नाही' ते बरोबर आहे तुमचं.

ॲटलांटाचा_वकील_नाही
सांगायची पद्धत असते काका. बरं, मग एकच, सही केली तरी तीन दिवसांत रद्द करता येतं, तो कूलिंग ऑफ नियम तरी आहे ना.

हायवेवरचा_हरी
नाही हो, हा गैरसमज फार जणांना आहे. तो घरी येऊन विकणाऱ्यांसाठी आहे, डीलरकडे स्वतः जाऊन सही केली की लागू नाही. सही केली की ट्रेलर तुमचा. निवांत, काही सही केलीय का? पैसे दिलेत?

निवांत
५०० डिपॉझिट दिलंय क्रेडिट कार्डावर. एका फॉर्मवर सही केली पण तो फक्त होल्ड करायला होता असं म्हणाला.

हायवेवरचा_हरी
तो फॉर्म आत्ता उघडून वाचा. रिफंडेबल लिहिलंय का नाही ते बघा. बाकी सगळं नंतर.

सुगरण_ओहायो
प्रेपबद्दल माझा अनुभव लिहिते. आम्ही १,२०० देऊन 'संपूर्ण पीडीआय' (डिलिव्हरीआधीची तपासणी) करून घेतला, चार पानी यादी, सगळ्यावर टिक. पहिल्याच रात्री कॅम्पग्राउंडला पंप चालू केला तर घर्र-घर्र थांबेचना. कुठे गळतंय कळेना. शेवटी डायनेटच्या (जेवायच्या टेबलाच्या) सीटखालची फळी उचलली तर कांदे-बटाट्याची पिशवी अर्धी पाण्यात, मागे पाइपचा एक जोड नुसता हाताने फिरवून ठेवलेला, पान्याचा स्पर्शही नाही. मी तो दोन बोटांनी घट्ट केला, थांबलं. टिक मात्र होती, 'प्लंबिंग तपासले'.
म्हणून प्रेप द्यायची का नाही यापेक्षा ती तुमच्यासमोर करून घ्या. पाणी भरून, पंप लावून अर्धा तास थांबा. सिंकखाली, बंकखाली हात घालून बघा. गॅसवर फ्रिज आणि फर्नेस, शिवाय एसी, सगळं चालवून दाखवायला लावा. सगळं होईपर्यंत उरलेले पैसे देऊ नका.

तिखटमीठ
+१. स्वतःचा इन्स्पेक्टर न्या, एनआरव्हीआयएचे (आरव्ही तपासनिसांच्या राष्ट्रीय संघटनेचे) सर्टिफाइड लोक असतात, ते डीलरचे नसतात. पैसे लागतील पण डीलरच्या टिकमार्कपेक्षा बरं.

मॉन्टाना_मार्ग
कोणीच सांगत नाहीये म्हणून. मॉन्टानात सेल्स टॅक्स नाही. तिथे एलएलसी (छोटी कंपनी) काढा, ट्रेलर तिच्या नावावर घ्या, टॅक्स शून्य. माझ्या ऑफिसात दोघांनी केलंय.

खडूस_काका
आणि फ्लोरिडाच्या रेव्हेन्यू खात्याचं पत्र आलं की ते दोघे उत्तर द्यायला येणार का? माणूस फ्लोरिडात राहतो, ट्रेलर फ्लोरिडात उभा राहणार. पंचवीस हजाराच्या ट्रेलरसाठी असले धंदे सुचवू नका.

मॉन्टाना_मार्ग
मी फक्त माहिती दिली.

कारकून
टॅक्स किती लावलाय? कोणी विचारलंच नाही.

निवांत
थांबा बघतो. २,३०७.५३.

कारकून
वाटलंच. २४,९९५ + ५,७७२ = ३०,७६७. त्यावर सरसकट साडेसात टक्के लावलेत. फ्लोरिडाचा राज्याचा सेल्स टॅक्स ६ टक्के आणि तुमच्या काउंटीचा (जिल्ह्याचा) दीड, पण काउंटीचा तो सरटॅक्स एका वस्तूच्या पहिल्या ५,००० डॉलरवरच लागतो. म्हणजे जास्तीत जास्त ७५ डॉलर. ३०,७६७ चे ६ टक्के १,८४६.०२, अधिक ७५, झाले १,९२१.०२. तुमच्याकडून ३८६ डॉलर ५१ सेंट जास्त मागतायत. मुद्दाम की चुकून ते देव जाणे, पण हे आधी दाखवा. ज्याचा टॅक्सचा हिशोब चुकलेला सापडतो तो पुढच्या ओळींवर जरा नरम होतो. आणि लक्षात घ्या, डीलर फीवरही टॅक्स लागतो, त्यामुळे फी कमी झाली की तोही कमी.

निवांत
बाप रे. मी ते बघितलंच नव्हतं, टॅक्स म्हणजे टॅक्स असं वाटलं.

मोगरा७
कारकून, तुमच्या पाया पडते. आमच्या कारचा कागद पाठवू का 😀

सुगरण_ओहायो
निवांत, अजून एक, तो ३९९ चा स्टार्टर किट म्हणजे पाण्याचा होज, सांडपाण्याचा पाइप, एक प्रेशर रेग्युलेटर, टॉयलेटची केमिकलची बाटली. बाहेरून घ्या, निम्म्याहून कमीत येतं. फक्त पिण्याच्या पाण्याचा होज पांढरा, फूड-ग्रेडचा घ्या, बागेतला हिरवा नको, चहाला रबराचा वास येतो.

पुणेरी_पाटी
ट्रेलरमध्ये कुकर लावता येतो का हो? तीन शिट्ट्यांचा वरणभात?

हायवेवरचा_हरी
एक मिनिट, सगळ्यात आधी विचारायला हवं होतं ते राहिलंच. ट्रेलर ओढणार कशाने?

निवांत
टोयोटा हायलँडर आहे, ५,००० पाउंड ओढते. ट्रेलर ३,९०० चा आहे. हे बघूनच घेतलाय. पण प्रश्न फीचा आहे.

हायवेवरचा_हरी
३,९०० रिकामा ना? स्टिकरवर जीव्हीडब्ल्यूआर (सामानासकट जास्तीत जास्त वजन) किती? पाणी, गॅस, भांडी, चार माणसांचं सामान धरून तो आकडा बघायचा. आणि हायलँडर साधी की हायब्रिड?

निवांत
हायब्रिड. का?

खडूस_काका
अरेरे.

हायवेवरचा_हरी
५,००० हा पेट्रोलवालीचा आकडा. हायब्रिडला ३,५००. मॅन्युअलमध्ये टोइंगचं पान उघडून बघा. तुमचा ट्रेलर रिकामाच त्याच्या वर आहे. शिवाय भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा १०-१५ टक्के भार हिचवर (गाडीमागच्या जोडावर) येतो, तो गाडीच्या पेलोडमध्ये (गाडी स्वतःवर पेलू शकते त्या वजनात) धरायचा, चार माणसांसकट. ड्रायव्हरच्या दारावरचं पिवळं स्टिकर बघा. डीलरने गाडी विचारली होती?

निवांत
विचारली होती, म्हणाला आरामात जाईल.

तिखटमीठ
तो तर म्हणणारच.

ॲटलांटाचा_वकील_नाही
हे लेखी म्हणाला का? मेलवर?

खडूस_काका
हा प्रश्न मात्र बरोबर विचारलात.

निवांत
(शुक्रवार रात्र) मॅन्युअल बघितलं. ३,५०० च आहे. ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर ५,१००. मी ज्या व्हिडिओवरून ठरवलं त्यात साधी हायलँडर होती. गाडीत बसून पाच मिनिटं नुसता ते पिवळं स्टिकर बघत होतो, बायकोने विचारलं काय झालं, काय सांगणार.
डीलरला मेल टाकला, टॅक्सचा हिशोब लिहून. तासात उत्तर आलं, टॅक्स 'सिस्टिम एरर' होती, दुरुस्त केला, प्रोटेक्शन आणि किट काढलं, फायलिंगही काढलं. फ्रेट, प्रेप आणि डीलर फी राहणारच म्हणतो. म्हणजे तुम्ही सगळे म्हणालात तसंच झालं, फक्त आता मला तो ट्रेलरच घेता येत नाही. डिपॉझिटच्या फॉर्मवर 'सात दिवसांत रिफंडेबल' लिहिलंय, उद्या चौथा दिवस.

कारकून
उद्या सकाळीच लेखी मागा. फोनवर नको. कार्डावर परत आल्याशिवाय पुढचं बोलू नका.

हायवेवरचा_हरी
घाई करू नका. जानेवारीत टँपाला मोठा आरव्ही शो भरतो, तुमच्या दारातच आहे. तिथे ३,५०० च्या आत, म्हणजे भरून ३,५०० च्या आत बसणारे बघा. बंकवाले कमी मिळतील, पण मिळतील. आणि शोमध्ये सुद्धा सही करण्याआधी आउट-द-डोअर मागा.

खडूस_काका
किंवा ट्रक घ्या. डीलर फीसकट.

निवांत
मुलांना सांगितलं, त्यांनी बंकऐवजी टेंटची मागणी केलीय. मोगरा, हसू नका.

मोगरा७
मी काहीच बोलले नाही. चार जणांचा आहे आमच्याकडे, न वापरलेला, हवा तर सांगा. डीलर फी नाही.

सुगरण_ओहायो
@पुणेरी_पाटी, कुकर लागतो. पण ट्रेलरच्या शेगडीची आच बेताची, शिट्टी यायला घरच्यापेक्षा बराच वेळ लागतो. तीनाऐवजी दोनच करा आणि वरचा पंखा आधी चालू करा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो.