हिपॅटायटिस बी: तीन डोस झाले की काम संपलं का?

सलाईनस्टँड
रुग्णालयांत कर्मचाऱ्यांच्या फायलीत 'लसीकरण पूर्ण' असा शिक्का असतो, अँटीबॉडीचा आकडा नसतो. माझ्या मते नुसता शिक्का पुरेसा नाही. ०, १ आणि ६ महिन्यांचे तीन डोस झाल्यावर एक-दोन महिन्यांत अँटी-एचबीएस (लसीने तयार होणारी अँटीबॉडी) तपासायलाच हवं. १० एमआययू प्रति मिलिलिटर किंवा जास्त आलं, तरच संरक्षण मिळालं म्हणायचं. निरोगी प्रौढांतही शंभरातले पाच-दहा जण तिथवर पोचत नाहीत. चाळिशीनंतर, लठ्ठ किंवा सिगारेट ओढणाऱ्यांत जास्तच. एचबीई-अँटीजेन पॉझिटिव्ह (म्हणजे रक्तात विषाणू भरपूर असलेल्या) रुग्णाची सुई टोचली, तर लस नसलेल्याला संसर्गाचा धोका ३० टक्क्यांच्याही वर जातो. एचआयव्हीत तो साधारण ०.३ टक्के. तरी घाबरतात सगळे एचआयव्हीला.

हिशेबी
पटलं नाही. खासगी लॅबमध्ये एका टायटरला (अँटीबॉडीच्या या मोजणीला) लसीच्या डोसाहून जास्त पैसे पडतात. आणि इकडे सफाईच्या मावशींना, लाँड्रीतल्या मामांना पहिला डोससुद्धा मिळालेला नसतो. डॉक्टरने इंजेक्शन देऊन सुई चुकीच्या पिशवीत टाकायची, टोचायची मात्र पिशवी उचलणाऱ्याला! २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची जबाबदारी रुग्णालयावर आहे. पण सहाव्या महिन्यापर्यंत ठेकेदार बदलतो आणि तिसरा डोस राहतो. आधी तो द्या. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते. कार्ड मावशींच्या हातात ठेवा, ठेकेदाराच्या रजिस्टरमध्ये नको.

सलाईनस्टँड
मावशींचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण आकडा नसण्याचाही खर्च असतो. रात्री दोनला सुई टोचली, रुग्ण पॉझिटिव्ह आणि टोचलेल्याचं टायटर कुणालाच ठाऊक नाही. मग तातडीने रक्त तपासा, आणि १० च्या खाली आलं तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) शोधा: किलोमागे ०.०६ मिलि, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३.६ मिलि, शक्यतो २४ तासांत. ते महाग, आणि रात्री मिळेलच असं नाही. फायलीत आधीचा १० च्या वरचा आकडा असेल, तर जखम साबण-पाण्याने धुवायची (पिळायची नाही) आणि हिपॅटायटिस बीपुरतं काम संपलं.

टेस्टट्यूब
दोघांनाही एक दुरुस्ती. टायटर कधी केलं ते न बघता आकडा वाचू नका. पंधरा वर्षांपूर्वी लस घेतलेल्या सिस्टरचं टायटर आज ४ आलं, म्हणून लस लागली नाही असं ठरत नाही. अँटीबॉडी उतरते, शरीराची आठवण टिकते. जुना आकडा हाती नसेल, तर एक डोस देऊन एक-दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. तरी १० च्या खाली असेल तर आणखी दोन डोस द्या आणि परत बघा. त्यानंतरही नाहीच, तर एचबीएसएजी (रक्तात विषाणूचं प्रतिजन, म्हणजे त्याचं प्रथिन, आहे का) आणि अँटी-एचबीसी (आता किंवा पूर्वी संसर्ग झालाय का) या तपासण्या करा, आधीच संसर्ग असू शकतो. एचबीएसएजी डोस दिल्यावर लगेच करू नका, लसीतलंच प्रतिजन १८ दिवसांपर्यंत पॉझिटिव्ह दाखवू शकतं.

आणि 'लस लागली नाही' म्हणण्याआधी ती कुठे टोचली ते विचारा. कुल्ल्यावर दिलेला डोस चरबीत अडकतो, दंडावरच द्यायचा. फ्रीजमध्ये बर्फकप्प्याला चिकटून गोठलेली कुपी तर सरळ फेकायची. लस २ ते ८ अंशांत ठेवायची म्हणजे शून्यावर नव्हे.

हिशेबी
याच एचबीएसएजीची मला धास्ती आहे. कंत्राटी माणसाचा पॉझिटिव्ह रिपोर्ट ठेकेदाराकडे गेला, की दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नको म्हणतात. मग पुढचा कोण तपासून घेईल?

टेस्टट्यूब
रिपोर्ट ठेकेदाराकडे जाऊच नये. तो त्या माणसाच्या हातात, आणि सोबत उपचार केंद्राची चिठ्ठी. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात औषधं फुकट आहेत. झाडूपोछा करायला एचबीएसएजी निगेटिव्ह असावं लागतं, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

हिशेबी
शास्त्रात नाही, ठेक्यात लिहिलेलं असतं. ती अट काढा, मग टायटरच्या पैशांवर बोलू.