आवडलेली एक ब्रिटिश मालिका आणि तिच्यातला एक प्रसंग

धागाकर्ती, रेडिंग

गेल्या दिवाळीत पुण्याला गेले होते, तेव्हा आतेभावाने विचारले की, इतकी वर्षे इंग्लंडमध्ये राहतेस तर तिथली एखादी चांगली मालिका सांग. मी एका दमात सात-आठ नावे घेतली, त्याने ती फोनमध्ये टिपूनही घेतली आणि दोन महिन्यांनी चौकशी केली तेव्हा त्यांतली एकही त्याने पाहिलेली नव्हती. म्हणून इथे याद्या नकोत. प्रत्येकाने आपली एकच मालिका घ्यावी, तिच्यातला लक्षात राहिलेला एखादा प्रसंग सांगावा आणि ती कोणी पाहू नये हेही मोकळेपणाने लिहावे.

सुरुवात मीच करते. माझी निवड आहे ‘डिटेक्टरिस्ट्स’. बीबीसी फोरवर 2014 ते 2017 या काळात तिची तीन छोटी पर्वे झाली आणि 2022 मध्ये एक विशेष भाग आला. एसेक्समधल्या एका गावातले अँडी आणि लान्स हे दोन मित्र कानाला हेडफोन लावून, धातुशोधक यंत्र घेऊन नांगरलेल्या शेतात तासन्‌तास फिरतात. सॅक्सन राजाचे सोने सापडावे ही आस असते. यंत्र वाजते, एकजण गुडघ्यांवर बसून माती उकरतो, दुसरा लांबून विचारतो, “काय मिळाले?” आणि उत्तर बहुतेक वेळा एकच असते: शीतपेयाच्या डब्याची तुटकी कडी. दोघेही चेहऱ्यावर काही न दाखवता पुढे चालू लागतात. लेखन, दिग्दर्शन आणि अँडीची भूमिका मॅकेन्झी क्रूकची आहे, तर लान्स झाला आहे टोबी जोन्स. ज्यांना प्रत्येक भागाच्या शेवटी धक्का हवा असतो त्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये.

निवृत्त कक्ष अधिकारी, मुंबई

माझी सारी नोकरी मंत्रालयात नस्त्यांच्या संगतीत गेली, त्यामुळे माझी निवड ‘येस मिनिस्टर’ असणार हे ओळखणे कठीण नाही. मात्र मी तिच्याकडे उलट्या रस्त्याने पोहोचलो. 2001 साली स्टार प्लसवर ‘जी मंत्रीजी’ लागत असे, ज्यात फारुख शेख मंत्री झाले होते. ती आवडली म्हणून मूळ मालिकेचा शोध घेतला आणि मुलीने डीव्हीडींचा संच आणून दिला. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी लिहिलेली ही मालिका 1980 ते 1984 या काळात झाली आणि नंतर मंत्रीमहोदयांना बढती मिळून 1986 ते 1988 मध्ये ‘येस, प्राइम मिनिस्टर’ झाली.

प्रसंग सांगायचा तर दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागातला. लंडनमध्ये एक नवे कोरे रुग्णालय बांधून तयार आहे, तिथे पाचशेच्या आसपास प्रशासकीय आणि इतर कर्मचारी रोज कामावर येतात, बैठका होतात, कागद फिरतात. फक्त रुग्ण एकही नाही, कारण डॉक्टर आणि परिचारिका नेमायला पैसे उरलेले नाहीत. मंत्री जिम हॅकर चक्रावून जातात. त्यांचे सचिव सर हम्फ्री यांना मात्र यात वावगे काहीच दिसत नाही. उलट, हे देशातल्या उत्तम चाललेल्या रुग्णालयांपैकी एक असून सर्वांत स्वच्छ रुग्णालयाच्या पुरस्कारासाठी त्याचे नाव पुढे आहे, असे ते अभिमानाने सांगतात. घरातली मंडळी हसत होती आणि मला मात्र आमच्याच कक्षातून गेलेली एक नस्ती आठवत होती. एका वसतिगृहासाठी अधीक्षक, लिपिक आणि पहारेकरी यांची पदे मंजूर झाली होती, खाटा येऊन पडल्या होत्या, आणि नळजोडणीचा प्रस्ताव ‘तपासून फेरसादर करावे’ या शेऱ्यानिशी चार वर्षे वर-खाली फिरत होता. त्यातल्या दोन टिपण्या माझ्याच हस्ताक्षरात होत्या.

या मालिकेत कोणी मंत्र्याला नाही म्हणत नाही, हे तिचे मर्म आहे. सचिव त्यांच्या निर्णयाला ‘वादग्रस्त’ म्हणाले तर मते जाणार, आणि ‘धाडसी’ म्हणाले तर निवडणूकच जाणार, असा त्या भाषेचा कोश आहे. सर हम्फ्री झालेल्या नायजेल हॉथॉर्न यांची वाक्ये इतकी लांब आहेत की उपशीर्षके लावली तरी मधे थांबवून पुन्हा वाचावी लागतात. मी तर काही वाक्ये वहीत उतरवून घेतली आहेत. ज्यांनी सरकारी कचेरीत एकदाही हेलपाटे घातलेले नाहीत त्यांना ही मालिका निव्वळ विनोदी वाटेल.

लॉजचालक, मालवण

सासऱ्यांपासून चालत आलेले चौदा खोल्यांचे लॉज मी आणि माझी पत्नी चालवतो. आम्ही दोघांनी ‘फॉल्टी टॉवर्स’ पाहिली ती एका पर्यटकाच्या आग्रहामुळे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावातले हॉटेल, तिथला मालक बेसिल, त्याला धाकात ठेवणारी बायको सिबिल आणि बार्सिलोनाहून आलेला वेटर मॅन्युएल. 1975 साली सहा आणि 1979 साली सहा, असे अवघे बारा भाग जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी लिहिले आणि तिथेच थांबले. टॉर्कीच्या एका हॉटेलात क्लीझ उतरले होते, तिथल्या मालकाच्या तऱ्हेवाईकपणावरून ही कल्पना सुचली, असे ते स्वतः सांगत आले आहेत. आपले गिऱ्हाईक आपल्याकडे असे निरखून पाहत असेल, या विचाराने मी आठवडाभर सर्वांशी फार गोड बोलत होतो.

शेवटच्या भागात आरोग्य निरीक्षक तपासणीला आलेले असतात आणि मॅन्युएलने सायबेरियन हॅम्स्टर समजून पाळलेला उंदीर हॉटेलात मोकाट सुटलेला असतो. बेसिल अदबीने निरीक्षकांसमोर बिस्किटांचा डबा धरतो आणि त्या बिस्किटांच्या मधोमध तो उंदीर शांतपणे बसलेला असतो. आमच्या धंद्यातल्या माणसाने हे दृश्य रात्री झोपण्यापूर्वी पाहू नये.

फिजिओथेरपिस्ट, हॅलिफॅक्स

मी वेस्ट यॉर्कशरमध्ये नोकरीला लागले तेव्हा रुग्ण काय बोलतात ते मला निम्मे कळत नसे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्यात उत्तम गुण होते, पण इथे ‘नथिंग’चे ‘नाउट’ होते, ‘समथिंग’चे ‘सम्मट’ होते आणि ‘द’ हा शब्द लोक जवळपास गिळूनच टाकतात. एका रुग्ण आजींनी ‘हॅपी व्हॅली’ पाहा, सगळे कळेल, असा सल्ला दिला. सॅली वेनराइट यांनी लिहिलेली ही पोलीस मालिका आमच्याच परिसरातल्या काल्डर खोऱ्यात घडते. 2014, 2016 आणि मग तब्बल सात वर्षांनी 2023 अशी तिची तीन पर्वे आली, प्रत्येकी सहा भागांची.

पहिल्याच दृश्यात एक तरुण अंगावर पेट्रोल ओतून घेऊन खेळाच्या मैदानात उभा आहे. सार्जंट कॅथरिन दुकानातून अग्निशामक नळकांडे आणि काळा चष्मा मागून घेते. त्याला जायचे तर त्याने जावे, पण माझ्या भुवया तरी शाबूत राहोत, असे काहीसे पुटपुटते आणि त्याच्याशी बोलू लागते. बोलता बोलता ती आपली ओळख करून देते: वय सत्तेचाळीस, घटस्फोटित, व्यसनातून बाहेर पडत असलेल्या बहिणीबरोबर राहते, दोन मुलांपैकी एक हयात नाही आणि दुसरा बोलत नाही. इतक्या कोरड्या आवाजात हे सगळे सांगितले जाते की तिला सलामी द्यावी की रडावे हे समजत नाही. सॅरा लँकशर यांचे काम पाहण्यासाठी तरी ही मालिका पाहावी. हिंसा मात्र अंगावर येते. मुलांसमोर लावू नये.

शिक्षक, नागपूर

‘माइंड युअर लँग्वेज’चे नाव अद्याप कोणी घेतले नाही याचे आश्चर्य वाटते. 1977 ते 1979 या काळातली ही मालिका, त्यातले इंग्रजी शिकवणारे ब्राउन सर आणि देशोदेशीचे विद्यार्थी आम्ही व्हिडिओ कॅसेटवर पाहिले. पुढे 1993 मध्ये पंकज कपूर यांची ‘जबान सँभालके’ आली तीही याच कल्पनेवर. माझ्या वर्गात पोरे इंग्रजीला घाबरतात तेव्हा मी आजही तिच्यातले तुकडे लावतो. पोरे खळखळून हसतात आणि मग चुकायला घाबरत नाहीत.

ग्रंथालय कर्मचारी, लेस्टर

सरांचा अनुभव खरा आहे, परंतु मला ती मालिका आता पाहवत नाही. तिच्यातला शीख सतत हात जोडतो, जपानी सतत वाकतो आणि सगळे आयुष्यभर तेवढेच करत राहतात. इथे वाढलेल्या माझ्या पिढीला शाळेत याच नकला ऐकाव्या लागल्या आहेत. म्हणून तिच्यासोबत ‘गुडनेस ग्रेशस मी’ अवश्य पाहावी, जी आधी रेडिओवर आणि मग 1998 पासून दूरचित्रवाणीवर आली. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि मुंबईत जन्मलेल्या नीना वाडिया हे चौघे त्यात आहेत. तिच्यात एक प्रहसन आहे. रात्री उशिरा तर्र झालेले भारतीय मित्र ‘इंग्लिश खायला’ म्हणून रेस्टॉरंटमध्ये शिरतात, गोऱ्या वेटरच्या जेम्स या साध्या नावाची मोडतोड करतात, तुमच्याकडचा सर्वांत अळणी पदार्थ कोणता म्हणून विचारतात आणि फ्राइजच्या चोवीस प्लेटी मागवतात. शनिवारी रात्री इथल्या करी हाउसमध्ये, म्हणजे भारतीय जेवणाच्या हॉटेलात, जे घडत आले आहे ते जसेच्या तसे उलटे केलेले आहे. माझे वडील हॉटेलात काम करत. ते हे पाहताना हसले नाहीत, पण मला तीन वेळा पुन्हा लावायला सांगितले.

गृहिणी, नाशिक

मी बेकिंग करत नाही. घरात ओव्हनही नाही. तरीही ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ची अनेक पर्वे पाहिली आहेत. 2010 मध्ये बीबीसीवर सुरू झालेला हा कार्यक्रम 2017 पासून चॅनेल फोरवर आहे. हिरवळीवर एक पांढरा तंबू असतो, त्यात हौशी मंडळी केक आणि पाव भाजतात आणि जिंकणाऱ्याला पैसे नव्हे, तर केक ठेवायची कोरीव तबकडी मिळते. मधल्या फेरीत सर्वांना एकच अनोळखी पदार्थ देतात आणि कृतीच्या कागदावर मोजून चार ओळी असतात. किती वेळ भाजायचे, पीठ किती सैल हवे, यातले काही नसते. माझ्या सासूबाईंनी चकलीची भाजणी मला अशीच सांगितली होती: ‘अंदाजाने घ्यायचे’. स्पर्धक ओव्हनच्या काचेसमोर जमिनीवर फतकल मारून आत टक लावून बसतात, तेव्हा मला पहिल्या अनारशाच्या वेळची मी दिसते.

2018 चे पर्व आधी पाहावे. ते कोलकात्याहून संशोधनासाठी इंग्लंडला गेलेल्या राहुल मंडल यांनी जिंकले. अंतिम फेरीत उन्हाच्या तलखीने त्यांच्या ओट्यावरची काचेची बरणी तडकली, सगळीकडे काचा झाल्या, आणि झालेला खोळंबा म्हणून त्यांना जादा वेळ दिला गेला. त्यावर इतर कोणी तक्रार केली नाही. आपल्याकडच्या स्पर्धांत लागलीच ढोल वाजवून रडारड दाखवली असती.

वन्यजीव छायाचित्रणाचा हौशी, ठाणे

‘प्लॅनेट अर्थ 2’ (2016) मधला शहरांवरचा भाग पाहावा, एवढेच सांगतो. डेव्हिड ॲटनबरो यांच्या निवेदनात मुंबईचे बिबटे आहेत. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात वस्तीच्या कडेने सरकणारी पांढरट आकृती दिसते आणि मागे इमारतींचे दिवे. आम्ही येऊरला वर्षानुवर्षे जातो आणि पंजाचे ठसे पाहून समाधान मानतो. लंडनच्या वाहिनीने आमचा शेजारी आम्हाला दाखवला.

निवृत्त बँक कर्मचारी, कोल्हापूर

मुलाकडे कार्डिफला तीन महिने होतो, तेव्हा त्याने ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ दाखवली. जानेवारी 2024 मध्ये आयटीव्हीवर सलग चार रात्री ही सत्यकथा दाखवली गेली. ब्रिटनमध्ये गावोगावची छोटी टपाल कार्यालये खासगी दुकानदार कंत्राटावर चालवतात. ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली आल्यावर त्यांच्या हिशोबात नसलेली तूट दिसू लागली आणि करारानुसार ती त्यांनीच भरायची होती. 1999 ते 2015 या काळात नऊशेहून अधिक जणांना चोरीसाठी किंवा खोट्या हिशोबासाठी दोषी ठरवले गेले; त्यांत भारतीय वंशाचेही अनेक होते. मालिका पाहून देश इतका खवळला की मे 2024 मध्ये कायदा करून त्या शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या.

हॅम्प्शरमधल्या एका खेड्यातल्या जो हॅमिल्टन बाई रात्री दुकानात एकट्या बसून मदतकेंद्राला फोन लावतात. पलीकडून सांगितले जाते तसे एकेक बटण दाबतात आणि पडद्यावरची तूट त्यांच्या डोळ्यांदेखत दुप्पट होते. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

मी अकरा वर्षे कॅश काउंटरवर काढली आहेत. एकदा संध्याकाळी 270 रुपयांची तफावत आली आणि आम्ही तिघे रात्री नऊपर्यंत शाखेत बसलो. आमचे हेड कॅशियर म्हणाले, नऊने भाग जातोय, म्हणजे कोणीतरी आकडे उलटे लिहिले आहेत. मग आम्ही पुन्हा पहिल्या पानापासून निघालो आणि 1520 च्या जागी 1250 लिहिलेली ओळ सापडली. चूक माझीच होती, पण ती वहीत होती, तिच्यावर बोट ठेवता येत होते. त्या बाईंना वहीच दिलेली नव्हती.

धागाकर्तींनी उल्लेखलेले टोबी जोन्स इथे ॲलन बेट्स झाले आहेत, जे पाचशे पंचावन्न जणांना सोबत घेऊन न्यायालयात गेले. चारही भाग एका रात्रीत पाहू नयेत. आम्ही पाहिले आणि कोणालाच झोप येईना. शेवटी मुलाने मन हलके करायला ‘डिटेक्टरिस्ट्स’चा पहिला भाग लावला, तर तिथे हाच माणूस शेतात वाकून डब्याची कडी उचलत होता.