सोमवारी जॉइनिंग आणि डेंग्यू पॉझिटिव्ह, काय करू?

रंकाळाकाठ: मंडळी, कागल एमआयडीसीत क्यूसीची नोकरी लागलीय, सोमवारी जॉइनिंग, आणि बुधवारपासनं ताप, काल डेंग्यूची एनएस१ टेस्ट पॉझिटिव्ह आली, प्लेटलेट ९० हजार. जुन्या ठिकाणचा राजीनामा झालाय, आता कळवलं तर दुसऱ्याला घेतील याची लै भीती वाटाय लागल्या. आई म्हणते गप पडून ऱ्हा, पण झोपच लागंना. पहिला दिवस तरी जाऊन काढू का?

उचगाववाला: अजिबात जाऊ नको भावा. ताप उतरला की वाटतं बरं झालं, पण डेंग्यूत खरा धोका त्यानंतरच्या एक-दोन दिवसांतच असतो, माझ्या धाकट्या भावाचं असंच झालेलं. पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यातनं रक्त आलं तर रात्र असली तरी थेट सीपीआर (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) गाठ. अंगदुखीला ब्रुफेन, ॲस्पिरिन नको, पॅरासिटामॉलच, तेपण डॉक्टर सांगतील तेवढंच.

एचआरवाली ताई: आजच मेल टाक, रिपोर्ट जोड, नवी तारीख माग. फोनवर हो म्हणाले तरी लेखी घे. आणि पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) उपचार पहिल्या दिवसापासून मिळतात, पण आजारपणाच्या भत्त्याला ७८ दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन लागतं, म्हणजे एक दिवस जाऊन रजा टाकलीस तर ती बिनपगारीच जाणार.

रंकाळाकाठ: ताई, मेल टाकला. उत्तर यायचंय अजून. उद्या सकाळी परत प्लेटलेट तपासतोय, आई सोबत येत्या.