‘नैसर्गिक निवड’ : पण निवडतंय कोण?

कडकभाकरी : सोलापूरजवळच्या नान्नजला माळरान बघायला येणाऱ्या शाळकरी मुलांसाठी एका फलकाचा मजकूर मराठीत करतोय. वाक्य असं : ‘नैसर्गिक निवडीमुळे माळढोक पक्ष्याच्या पायाचं मागचं बोट नाहीसं झालं.’ तपासणाऱ्यांचा शेरा आला, ‘निवड कोणी केली ते स्पष्ट करा.’ शेरा हसण्यावारी नेता येत नाही, कारण निवड म्हटली की निवडणारा आलाच. दुसरा शब्द सुचवा. जागा दोन ओळींची.

बाराबंदी : शब्द बदलू नका. दहावीच्या पुस्तकात ‘नैसर्गिक निवड’च आहे. आणि ही शंका काही मराठीची नव्हे. निसर्गअभ्यासक वॉलेसने १८६६ साली डार्विनला पत्रातून हेच कळवलं होतं, की तुमच्या शब्दामुळे निसर्ग बसून निवड करतोय असं लोकांना वाटतं, त्यापेक्षा स्पेन्सरचा ‘सर्व्हायवल ऑफ द फिटेस्ट’ हा शब्दप्रयोग घ्या. डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीसीज’च्या १८६९च्या पाचव्या आवृत्तीत तो घेतला. मराठीत त्याचं काय झालं? ‘बळी तो कान पिळी’! रोगापेक्षा इलाज भयंकर.

शब्दवेडी : तुम्हाला निवड म्हटलं की निवडणूक आठवते, म्हणून अडतंय. स्वयंपाकघरातलं निवडणं घ्या. तांदूळ निवडताना चांगला दाणा कोणी वेचून घेत नाही. ताटात पसरायचे, खडा, साळ, किडका दाणा बाजूला काढायचा, उरतं ते तांदूळ. मेथीचं उलट, पानं घ्यायची नि काड्या टाकायच्या. डार्विनची निवड तांदळातली आहे, मेथीतली नाही.

रब्बी : हात लागतोच की ओ ताई, तांदूळ असू दे नाहीतर मेथी. ‘नैसर्गिक उफणणी’ म्हणा. तिवईवर उभं राहून पाटी हळूहळू ओतायची, पुढचं काम वाऱ्याचं. जड दाणा पायाशी, भूस लांब. कोण चांगला, कोण वाईट ते वाऱ्याला ठाऊक नसतंय.

हूम : उपमा झकास, पण अर्धी. एकदा उफणलं की रास तयार, विषय संपला. इथे तीन गोष्टी लागतात : एकाच जातीच्या जिवांत फरक असणं, तो फरक पिल्लांत उतरणं, आणि त्या फरकापायी कुणाची पिल्लं जास्त तर कुणाची कमी मागे राहणं. मधली अट सुटली की उरते नुसती चाळण. वाळू कितीही चाळा, पुढच्या वर्षी ती जास्त बारीक होऊन येत नाही.

आणि फलकातली खरी चूक कुणीच धरली नाही. मागचं बोट माळढोकाच्या सबंध कुळालाच नाही, तणमोरालाही नाही. म्हणजे बदल फार जुना, या माळावरचा नव्हे. शिवाय ते बोट धावताना अडचणीचं होतं म्हणून गेलं, की उपयोग संपल्यामुळे झिजत गेलं, हे दोन ओळींत ठरत नाही.

रब्बी : मधल्या अटीचं बरोबर. ज्वारीचं बी धरताना लोक तिथंच फसतात. खळ्यावर आल्यावर मोठं कणीस बघून उचललं तर ताट, म्हणजे सबंध धांडा, कसं होतं ते कुठं कळतंय? बी उभ्या पिकातूनच धरायचं. बांधाकडच्या चार-पाच ओळी सोडायच्या. मधे जिथं शेजारची ताटं मरून जागा मोकळी झालीय तिथलंही सोडायचं. तिथं ऊन आणि ओल जास्त मिळते, कणीस टपोरं दिसतंय, पण ते टपोरेपण बियात उतरत नाही. दाटीत राहूनही ज्याचं कणीस भरलंय आणि ताट लोळलं नाही, त्याला चिंधी बांधायची. ज्वारीत बहुतेक स्वपरागीभवन होतं, म्हणून असं ताट पुढच्या साली बरंचसं तसंच उगवतं. मोहोळच्या संशोधन केंद्रातली मालदांडी ३५-१ इथल्याच मालदांडीतून निवडलेली. तर ‘निवड’ माणसाकडे राहू दे, निसर्गाला दुसरा शब्द द्या.

बाराबंदी : अहो, डार्विनने तो शब्द मुद्दामच दोन्हीकडे ठेवला! आधी कबुतरं पाळणाऱ्यांची निवड दाखवली, मग निसर्गाकडे वळला. शब्द तोडलात की दुवाच तुटला. आणि उफणणी समजावायला तुम्हाला दुसरा फलक लावावा लागेल.

शब्दवेडी : निवडीपेक्षा ‘जुळवून घेतलं’ घातक आहे. प्रत्येक फलकावर ‘प्राण्यांनी परिस्थितीशी जुळवून घेतलं’. जुळवून घेतो तो भाडेकरू, या घरात नाही तर त्या घरात. आणि बाहेरगावच्या माणसाला हळूहळू सोलापूरचं ऊन मानवतं, ते ‘मानवणं’. दोन्ही एकाच जन्मातलं. अनुकूलन वेगळं, ते पिढ्यान्पिढ्या घडतं.

हूम : ‘मानवणं’ पक्कं, संस्कृत शोधायची गरजच नाही. अनुकूलन दाखवायचं तर कुसळी गवत घ्या. वाळकं कुसळ ओल्या बोटांत धरा, पीळ उलगडत ते गरगर फिरायला लागतं. वाळलं की पुन्हा पीळ. असं ओलं-वाळतं होत टोकदार बी मातीच्या भेगेत शिरतं आणि टोकावरचे उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. पायमोज्यात शिरलं की कळतंच. यात कुसळीनं काही जुळवून घेतलेलं नाही. ज्यांची बियाणी मातीत शिरली त्यांचा वेल मांडवाला गेला, बाकीच्यांचा नाही.

बाराबंदी : ‘वेल मांडवाला जाणं’! ‘फिटनेस’साठी वापरतात त्या ‘तंदुरुस्ती’ची सुट्टीच झाली. तालमीतला गडी निपुत्रिक असेल तर उत्क्रांतीच्या हिशेबात शून्य, हे ‘तंदुरुस्ती’तून कधी कळलंच नसतं.

शब्दवेडी : ‘उत्क्रांती’चंही बघा. ‘उत्’ म्हणजे वर. जीव दर पिढीला पायरी चढतोय असंच वाटतं. ‘क्रमविकास’ त्याहून वाईट, त्यात विकासच आला.

सातबारा : ते राहू द्या. फलकावर ‘माळरान’ लिहिताय ना? नीट सांभाळा तो शब्द. सरकारी दप्तरात तीच जमीन ‘पडीक’ नाहीतर ‘पोटखराबा’ होते, आणि पडीक म्हटलं की कुणीतरी खड्डे घेऊन झाडं लावतोच. नान्नजच्या माळावर ग्लिरिसिडियाची झाडं लावून झालेली आहेत. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उथळ मुरमाड जमीन, तिथे गवत हेच रान. झाडांचा आडोसा झाला की उघड्यावर एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याला लांबून येणारा कोल्हा दिसत नाही. १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं तेव्हा क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, पुढे ते १,२२२वर आणलं.

शब्दवेडी : ‘माळढोक’ म्हणजे माळावरचा ढोक, ढोकरीतला तोच ना?

हूम : दिसण्यापुरता. लांब पाय बघून नाव पडलं, बगळ्या-करकोच्यांशी जवळचं नातं नाही. त्यापेक्षा ‘हूम’ बरं, नर घुमतो तो आवाजच आहे त्यात.

बाराबंदी : स्वतःचंच नाव पुढे करताय राव.

कडकभाकरी : मंडळी, मजकूर आज जातोय. ‘माळढोकाला मागचं बोट नाही. त्यामुळे तो फांदीवर बसत नाही, माळावर चालतो.’ निवड गाळली.

रब्बी : गाळली म्हणजे हरला की ओ! उफणणी घाला.

बाराबंदी : ‘त्यामुळे’ बरोबर आहे का पण? बोट नाही म्हणून चालतो, की चालतो म्हणून बोट नाही?