सुट्टीत सगळ्यांनी एकत्र जमायलाच हवं का?

उत्तररात्र :
गेल्या सुट्टीत घरी जाऊन आले तेव्हापासून एक हिशोब डोक्यातून जात नाहीये. बाबा ७१ चे आहेत. मी लांब राहते त्यामुळे वर्षातून एकदाच जाणं होतं, मोठ्या सुट्टीत, जेव्हा सगळी भावंडं, काका, आत्या, त्यांची मुलंबाळं असे सगळेच येतात. सहा दिवस. बाबांना अजून १२ वर्षं मिळाली असं धरलं तरी ७२ दिवस होतात, म्हणजे अडीच महिनेसुद्धा नाहीत. हा आकडा कागदावर लिहिला आणि मला रडू आलं.

आणि नेमकं आता फॅमिली ग्रुपवर माझ्या धाकट्या भावाने लिहिलंय की यावर्षी जमायचं राहू दे, प्रत्येकाने आपापलं कुठेतरी फिरायला जाऊ. दोन तासांत निम्म्या लोकांनी होकाराचे अंगठे टाकून दिले. एकानेही विचारलं नाही की आईबाबांना काय वाटेल. मला खरंच कळत नाहीये की आपण ऑफिस, ईएमआय, मुलांचे क्लास या सगळ्यासाठी वेळ काढतो, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय असं म्हणतो त्यांच्यासाठी सहा दिवस जड होतात. माझं मत स्पष्ट आहे, जमायलाच हवं, कंटाळा आला तरी, भांडणं झाली तरी. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने सांगा.

आडवाट :
मोकळेपणाने सांगा म्हणालात म्हणून लिहितो. मी चार वर्षांपासून आमच्याकडच्या अशा जमण्याला जात नाही आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. दरवेळी तेच. पगार किती झाला, अजून भाड्याच्याच घरात का, लग्नाचं काय, आणि मग वडील सगळ्यांसमोर चुलतभावाचं उदाहरण देणार. वीस माणसांसमोर मान खाली घालून बसायचं आणि रात्री छताकडे बघत पडायचं. घरी परतल्यावर आठवडाभर माझं कशात लक्ष लागायचं नाही.

आता मी आईला भेटायला वर्षातून तीन-चार वेळा जातो, साध्या दिवशी, घरात कोणी नसताना. दुपारभर बोलतो. ती मला तिच्या शाळेतलं सांगते, जे मी आधी कधीच ऐकलं नव्हतं. तुमच्या हिशोबात माझे दिवस कमी भरतील, पण मला एक सांगा, त्या सहा दिवसांत तुम्ही बाबांशी, फक्त बाबांशी, किती वेळ बोललात?

उत्तररात्र :
@आडवाट, तुमचा प्रश्न वाचून थोडा वेळ नुसतीच बसून राहिले. आठवून बघितलं. स्टेशनवर घ्यायला आले होते तेव्हा गाडीत पंधरा-वीस मिनिटं, आणि एकदा त्यांचा चष्मा सापडत नव्हता तेव्हा आम्ही दोघं मिळून शोधत होतो. बाकी सगळा वेळ आजूबाजूला कोणीतरी होतंच. पण तरी मी म्हणेन की ते समोर दिसत होते, त्यांचा आवाज कानावर पडत होता, तेही काहीतरी आहेच ना.

थोरली सून :
मी दुसऱ्या बाजूने बोलते कारण ती कुणी मांडत नाही. आमच्याकडे १७ माणसं जमतात, चार दिवस. सकाळी साडेपाचला उठते ते रात्री साडेअकराला ओटा पुसून आडवी होते. अंथरुणं कुठे किती घालायची, कुणाला काय चालत नाही, कुणाच्या गोळ्या कधी, कुणाचं कुणाशी वाजलंय म्हणून कुणाला कुठल्या खोलीत, हे सगळं महिनाभर आधीपासून माझ्या डोक्यात चालू असतं. लोक बाहेरच्या खोलीत आठवणी काढून हसत असतात आणि मला आतून फक्त हसण्याचा आवाज येतो. लग्नाला २२ वर्षं झाली, त्या गप्पांमध्ये मी पूर्ण एक तास बसल्याचं मला आठवत नाही.

मध्ये कुठेतरी वाचलं होतं की या कामाला समाजशास्त्रात स्वतंत्र नाव आहे, किनकीपिंग. म्हणजे नाती जोडून ठेवण्याचं काम, फोन करणं, वाढदिवस लक्षात ठेवणं, सगळ्यांना एकत्र आणणं. कॅरोलिन रोझेन्थाल नावाच्या बाईंनी १९८५ मध्ये कॅनडात त्यावर अभ्यास केला आणि हे काम बहुतेक करून बायकाच करतात असं त्यांना दिसलं. मला त्या शब्दाने बरं वाटलं. निदान कुणीतरी याला काम म्हटलं.

तीन वर्षांपूर्वी मी ऐनवेळी आजारी पडले, अंगात ताप होता. जमण्याचा बेत सरळ रद्द झाला. १६ माणसांपैकी एकजण म्हणाला नाही की वहिनी तू झोप, आम्ही बघतो. त्या दिवशी मला कळलं की हे सगळं कशावर उभं आहे.

नोंदवही :
थोरली सून, तुमचा प्रतिसाद वाचून वाईट वाटलं आणि पटलाही. पण म्हणून जमणंच बंद करा हे उत्तर मला पटत नाही, कामाची वाटणी बदला हे उत्तर आहे.

मी उत्तररात्र यांच्या बाजूने आहे आणि नुसत्या भावनेने नाही. हार्वर्डचा एक अभ्यास १९३८ पासून चालू आहे, २६८ विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांमधली ४५६ मुलं, अशा ७२४ जणांपासून सुरू झालेला, त्यांना म्हातारपणापर्यंत आणि पुढे त्यांच्या मुलांनाही विचारत गेले. त्याचे सध्याचे प्रमुख रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात की पन्नाशीत जे लोक आपल्या नात्यांमध्ये समाधानी होते तेच ऐंशीत जास्त धडधाकट निघाले, कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षाही हे जास्त सांगून गेलं. २०१० मध्ये ज्युलिॲन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तीन लाखांहून जास्त माणसं, त्यात ज्यांची नाती घट्ट त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. आपण माणसं टाळून तब्येतीसाठी जिमला जातो हे मला उलटंच वाटतं.

आडवाट :
@नोंदवही, हे मीही वाचलंय. पण त्याच वॉल्डिंगर यांनी हेही सांगितलंय की नाती किती आहेत एवढ्यालाच महत्त्व नाही, ती कशी आहेत यालाही आहे, आणि सतत खटके उडणाऱ्या घरात राहणं तब्येतीला वाईटच. शिवाय सुरुवातीचे सगळे ७२४ पुरुष होते, एका शहराच्या आसपासचे. थोरली सून यांना त्या यादीत कोणी विचारलंच नव्हतं. आणि होल्ट-लुनस्टॅड यांनी मोजलेल्या नात्यांत मित्र, शेजारी, सगळेच येतात, सुट्टीत वीस नातेवाईक एका घरात कोंबा असं त्या कुठे म्हणाल्यात? माझा मित्रपरिवार आहे, आई आहे. मी एकटा नाहीये.

आणि हे मी एकट्याचंच रडगाणं गातोय असंही समजू नका. कॉर्नेल विद्यापीठातल्या कार्ल पिलेमर यांनी २०२० च्या सुमारास अमेरिकेत सर्व्हे केला, त्यात २७ टक्के प्रौढांनी सांगितलं की एखाद्या तरी नातेवाइकाशी त्यांचे संबंध तुटलेले आहेत. चारातला एक. जमलेल्या फोटोत हे लोक नसतात म्हणून सगळं छान चाललंय असं दिसतं.

सत्तरीपार :
मी ७४ वर्षांचा आहे, तेव्हा ज्यांच्याबद्दल चर्चा चाललीय त्यांच्यापैकी एक म्हणून लिहितो.

आधी एक कबूल करतो. आम्हालाही गलका सोसत नाही. दुसऱ्या दिवसापासून मला माझी खोली आणि दार लावून घेणं हवंसं वाटतं. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन म्हणतात की पुढचा काळ थोडा उरलाय हे जाणवायला लागलं की माणूस नव्या ओळखींपेक्षा जवळच्या मोजक्या माणसांकडे वळतो, हे म्हातारपणामुळेच होतं असं नाही, तरुण माणसाला मोठा आजार झाला तरी तसंच होतं. माझ्या बाबतीत अगदी खरं आहे. लग्नसमारंभांना जाणं मी सोडलंय.

पण आडवाट, तुम्ही म्हणता की एकेकट्याने भेटणं पुरे, तिथे मला थांबवावंसं वाटतं. माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. जमिनीवरून झालं होतं, तपशील नको. त्या नऊ वर्षांत मी एकदाही त्याच्या दारात जाऊ शकलो नसतो आणि तोही माझ्या दारात आला नसता, कारण दोघंच समोरासमोर आलो असतो तर तो विषय काढावाच लागला असता. पण बहिणीकडे सगळे जमले होते तेव्हा आम्ही एकाच बाकावर बसलो, मध्ये तिचा नातू. त्या पोराशी दोघंही बोलत होतो. दुसऱ्या दिवशी भावाने मला वर्तमानपत्राचं मधलं पान काढून दिलं. एवढंच. त्यानंतर तो दोन वर्षं जगला आणि ती दोन वर्षं आम्ही रोज फोनवर बोललो. माफी कुणीच मागितली नाही. गर्दीत माणसाला आडोसा मिळतो हो, तो एकट्याच्या भेटीत मिळत नाही. जमणंच बंद केलं तर आमच्यासारख्यांनी कुठे बसायचं?

थोरली सून :
काका, वाचताना डोळे भरून आले. तुमच्या बहिणीने त्या दिवशी किती माणसांचं केलं असेल तेही डोळ्यासमोर आलं.

सत्तरीपार :
खरं आहे. मी तिला कधी विचारलं नाही.

पाखरू :
मी २३ वर्षांची आहे आणि मला जमायला आवडतं पण ज्या गोष्टी तिथे सांगतात त्यांच्याबद्दल मला प्रश्न आहेत. अमेरिकेत एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना वीस प्रश्न विचारले होते, आजीआजोबा कुठे वाढले, आईवडील कसे भेटले, घरात कुणाला मोठा आजार झाला होता का असे. ज्या मुलांना जास्त माहीत होतं ती जास्त खंबीर निघाली. पण उत्तरं पाठ करवून घेतली तर उपयोग नाही, ती उत्तरं ज्या बसण्या-बोलण्यातून मुलांपर्यंत पोचतात ते महत्त्वाचं. आणि त्यांना असंही दिसलं की फक्त यशाच्या गोष्टी सांगणाऱ्या घरांपेक्षा पडलो, बुडालो, मग सावरलो असं सांगणाऱ्या घरांतल्या गोष्टी मुलांच्या जास्त कामाला येतात.

आमच्याकडे फक्त यशाच्या सांगतात. कोण पहिला आला, कुणी घर बांधलं. माझी एक आत्या आहे जी घर सोडून गेली, तिचं नावसुद्धा निघत नाही, फोटोंच्या पेटीत तिचा एकच फोटो आहे तोही दुमडलेला. मी मागच्या वर्षी नापास झाले तेव्हा मला वाटलं या घरात याआधी कुणीच कधी हरलेलं नाहीये, मी पहिलीच. नंतर कळलं माझे आजोबा दोनदा नापास झाले होते. हे मला जमलेल्या वीस माणसांत कुणी सांगितलं नाही, एका दुपारी आजीने भांडी लावता लावता सांगितलं.

म्हणून मला आडवाट यांचंही पटतं आणि काकांचंही, कुठल्या बाजूला मत टाकू कळत नाहीये.

नोंदवही :
@पाखरू, पण आजी ती दुपार कुठून आणणार होती, तू तिच्याकडे सुट्टीत जमायलाच गेली होतीस ना? माझा मुद्दा तोच आहे. निमित्त लागतं. आपण सगळेच म्हणतो की साध्या दिवशी निवांत भेटू आणि तो साधा दिवस येत नाही. आडवाट जातात, त्यांचं कौतुक, पण बहुतेक लोक जमणं सोडतात तेव्हा त्याच्या जागी काहीच येत नाही. माझ्या मामाकडे तसंच झालं, आधी जमणं थांबलं, मग फोन कमी झाले, मग थेट शेवटची बातमी आली.

आडवाट :
@नोंदवही, हे मान्य. निमित्ताशिवाय जाणं कठीण असतं, मलाही पहिल्यांदा खूप जड गेलं. पण ज्याला तिथे दरवर्षी सगळ्यांसमोर कमी लेखतात त्याला निमित्त म्हणून परत तिथेच या असं सांगू नका. काका, तुमच्या भावाने तुम्हाला सगळ्यांसमोर काही ऐकवलं असतं तर त्या बाकावरून तुम्ही उठून गेला असतात. मला आडोसा नाही मिळत तिथे, मी मधोमध बसलेला असतो.

सत्तरीपार :
उठून गेलो असतो. बरोबर आहे तुमचं. वडिलांना एकदा हे असंच लिहून पाठवा असं मी म्हणेन, पण ते तुम्ही ठरवा.

उत्तररात्र :
दोन दिवस इथे आले नाही. काल रात्री शेवटी भावाला फोन केला, भांडायच्या तयारीनेच केला होता. तो आईबाबांबरोबर राहतो हे मी वर लिहिलंच नव्हतं. मला ते लिहावंसं वाटलं नाही हे आता माझ्या लक्षात येतंय.

तो म्हणाला, ताई, तू सहा दिवस येतेस, मी ३६५ दिवस इथे आहे. बाबांची तपासणी, आईचा गुडघा, रात्रीबेरात्री धावपळ, आणि वर्षातून एकदा आम्हाला चौघांनाच कुठेतरी जायची संधी असते तेव्हा घरात १९ माणसं असतात. तुम्ही सगळे फोटो काढून जाता, चादरी आम्ही धुतो. चिडून नाही म्हणाला, दमलेल्या आवाजात म्हणाला, त्याचं जास्त लागलं. मी ७२ दिवस मोजत बसले होते आणि त्याचे दिवस मोजायचं मला सुचलंच नाही.

तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. जमायला हवं असं मला अजूनही वाटतं, काकांचा तो बाक माझ्या डोक्यातून जात नाहीये. पण त्याच्या घरी नको. आम्ही असं ठरवतोय की यावर्षी भाऊ त्याच्या बायकामुलांना घेऊन जाईल, मी आठ दिवस आधी रजा टाकून आईबाबांजवळ राहीन, आणि नंतर दोनच दिवस सगळ्यांनी जमायचं, तेही भाड्याने जागा घेऊन. खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा. एका काकांनी लगेच विचारलंय की घर असताना भाडं कशाला. त्यांना काय उत्तर द्यायचं ते अजून सुचलेलं नाही.

थोरली सून :
उत्तररात्र, हे सगळं भाऊ आणि तुम्ही मिळून ठरवलंत. वहिनीला विचारलंत का?

उत्तररात्र :
नाही विचारलं. आत्ता लावते फोन.