राजकीय विषयांवरच्या मुलाखतींसाठी संमतीपत्रावर सही घेणं बंद करावं का?

शाईचा डाग (धागालेखक)

राज्यशास्त्राच्या फील्डवर्कला मंजुरी देताना बहुतेक नैतिकता समित्या आजही सहीच्या संमतीपत्राचा आग्रह धरतात. माझं स्पष्ट मत असं की विषय पोलिसांचा, सशस्त्र गटांचा किंवा मतांच्या खरेदीचा असेल, तर सही मागणं हेच अनैतिक आहे. ही पद्धत आली वैद्यकीय संशोधनातून. तिथे धोका औषधात असतो, इथे तो कागदात असतो. टिपणांत नाव नाही, ध्वनिमुद्रण केलेलं नाही, गावाचं नाव बदललेलं, आणि पिशवीत मात्र चाळीस सह्यांचा गठ्ठा! कोण कोण बोललं याची यादी आपणच तयार करून दिली. नाक्यावर पिशवी उघडली की झालं.

गंमत म्हणजे अमेरिकेच्या 'कॉमन रूल'मध्येही (माणसांवरच्या संशोधनाच्या सरकारी नियमांत) यासाठी तरतूद आहे. संमतीपत्र हाच माणसाला अभ्यासाशी जोडणारा एकमेव पुरावा असेल आणि गोपनीयता फुटणं हाच मुख्य धोका असेल, तर समिती सही माफ करू शकते. तरीही सही घेतली जाते, कारण ती वकिलांना हवी असते.

पर्याय तोंडी संमतीचा. दीड मिनिटात बोलून होईल एवढा मजकूर: मी कोण, पैसे कुणाचे, काय विचारणार, किती वेळ, उत्तर टाळता येतं, मध्येच उठता येतं, आणि बोलल्याने कोणती योजना मिळणार नाही की बंद होणार नाही. हे शेवटचं वाक्य गाळू नये. प्रश्नावली हातात घेतलेला माणूस दारात दिसला की लाभार्थ्यांची यादी करायला आलाय असंच लोकांना वाटतं. मग समोरच्याला "तुम्हाला काय समजलं?" असं विचारायचं. वहीत फक्त क्रमांक आणि 'होय'. तारीखही नको, आठवडा पुरे.

खोडरबर

असहमत. हे सगळं संशोधक स्वतः मुलाखत घेतोय असं धरून लिहिलंय. दोन हजार घरांचं सर्वेक्षण रोजंदारीवरचे सर्वेक्षक करतात, कित्येकदा फॉर्ममागे पैसे घेऊन. तिथे सगळ्यात आधी कापला जातो तो हाच दीड मिनिटाचा मजकूर. "सर्वेक्षण आहे, पाच मिनिटं द्या" की लगेच पहिला प्रश्न. सही निदान कागद समोर ठेवायला तरी भाग पाडते.

दुसरं, 'गोपनीयतेसाठी खुणा ठेवल्या नाहीत' ही लबाडांचीही आवडती सबब आहे. समलिंगी विवाहाबद्दलची मतं दारोदारच्या संवादाने बदलतात असं सांगणारा एक प्रयोग २०१४ साली 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात आला आणि २०१५ मध्ये मागे घेतला गेला. मूळ विदा (डेटा) मागितल्यावर लेखकाचं उत्तर काय होतं? उत्तरदात्यांच्या गोपनीयतेसाठी ती नष्ट केली!

शाईचा डाग

पण ती लबाडी सह्यांमुळे उघडी पडली नव्हती. दोन फेऱ्यांमधली उत्तरं खऱ्या माणसांत दिसावीत त्यापेक्षा फारच जुळत होती, आणि ज्या सर्वेक्षण कंपनीने काम केलं म्हणत होते तिला त्याचा पत्ताच नव्हता. फॉर्म घरी बसून भरणाऱ्याला खाली सही ठोकायला कितीसा वेळ लागतो?

आणि कागद कसा फसवतो याचं उदाहरण बॉस्टन कॉलेजचा 'बेलफास्ट प्रोजेक्ट'. उत्तर आयर्लंडच्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती २००१ पासून घेतल्या. नावांऐवजी सांकेतिक अक्षरं, मृत्यूपर्यंत गुप्ततेचं लेखी आश्वासन. प्रकल्पसंचालकाच्या करारात 'अमेरिकन कायदा परवानगी देईल तितकीच' अशी मर्यादा होती. मुलाखत देणाऱ्यांच्या करारात ते शब्दच नव्हते. २०११ मध्ये ब्रिटिश तपासासाठी समन्स निघालं आणि २०१३ पर्यंत काही मुलाखती पोलिसांकडे गेल्या. सह्या व्यवस्थित होत्या.

खोडरबर

उलट तो कागद होता म्हणूनच आज आपण बोट ठेवून सांगू शकतो की आश्वासनात कोणते शब्द गाळले. तोंडी वचन असतं तर 'मी तसं म्हणालोच नव्हतो' इथेच विषय संपला असता. तोटा कुणाचा? ज्याच्याकडे वकील नाही त्याचा.

मोजपट्टी

दोघेही एकाच कागदाकडून दोन कामं मागताय. समजावून सांगितलं का, हे एक. माणूस खरा होता का, हे दुसरं. दोन्ही सहीविना तपासता येतात.

टॅबलेटवर संमतीच्या पडद्याची वेळ आपोआप नोंदते. नव्वद सेकंदांचा मजकूर अकरा सेकंदांत संपला तर त्या सर्वेक्षकाचे सगळे फॉर्म बाजूला काढा. घर 'होय' म्हणेपर्यंत फक्त सर्वेक्षकाचं बोलणं मुद्रित करा, उत्तरं नकोत. दहा टक्के घरांत दुसऱ्या माणसाला फेरतपासणीला पाठवा, पण त्याने मत विचारायचं नाही. "नाही म्हणता येतं हे सांगितलं होतं का?" एवढंच. आणि मोबदला दिवसामागे द्या, फॉर्ममागे नको. अर्धं दुखणं तिथेच जातं.

नाजूक प्रश्नाचं उत्तर मुळात हातात येऊच देऊ नका. यादी-प्रयोगात एका गटाला चार साधी विधानं देतात, दुसऱ्याला तीच चार आणि 'मतासाठी पैसे घेतले' हे पाचवं. किती लागू, एवढा आकडाच विचारायचा. दोन सरासरींतला फरक म्हणजे पैसे घेणाऱ्यांचं प्रमाण. फक्त 'पाचही' म्हणणारा उघडा पडतो, म्हणून साधी विधानं अशी निवडा की चारही एकाला लागू पडणं अवघड असावं.

खोडरबर

किंमतही सांगा की. हजार माणसं, पाचशे-पाचशेचे गट, आकड्यांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) एकच्या आसपास धरलं तर अंदाज अधिक-उणे बारा टक्के हलतो. खरं प्रमाण वीस असेल तर हाती येणार 'आठ ते बत्तीस'. थेट विचारलं तर तेवढ्याच नमुन्यात अडीच टक्क्यांची चूक. ती बरोबरी साधायला पंचवीसपट नमुना लागेल.

मोजपट्टी

हिशोब बरोबर. पण थेट प्रश्नाचं अडीच टक्के अचूक उत्तर हे अचूक खोटं असू शकतं, ते या गणितात येत नाही. मधला मार्ग फाशाचा: एक पडला तर 'हो' म्हणा, सहा पडला तर 'नाही', बाकी खरं सांगा. फासा सर्वेक्षकाला दिसत नाही. एकूण तीस टक्के 'हो' आले तर त्यातून सहावा भाग वजा करा, उरलेल्याला दोन-तृतीयांशाने भागा, वीस टक्के मिळतात. अडचण एवढीच की सहा पडला तरी 'नाही' म्हणायला लोक कचरत नाहीत, एक पडल्यावर 'हो' म्हणायला कचरतात. त्यामुळे आकडा कमीच येतो.

नमुनाबाह्य

ज्यांना विचारलंच जात नाही त्यांचं काय? इथे सगळे सहीवर भांडताय. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात २०१४ च्या निवडणुकीआधी सुमारे एक लाख मतदारांना टपाल गेलं. राज्याची मुद्रा छापलेली, पक्षविरहित न्यायाधीशपदाच्या उमेदवारांची डावी-उजवी वैचारिक जागा दाखवणारं. पाठवणारे स्टॅनफर्ड आणि डार्टमथचे संशोधक होते, आणि दोन्ही विद्यापीठांना माफी मागावी लागली. मिशिगनमध्ये २००६ साली शेजाऱ्यांनी मागे मतदान केलं की नाही हे छापून पत्रं पाठवली तेव्हा मतदान ८.१ टक्के गुणांनी वाढलं. नोंदी सार्वजनिक होत्या, कायदा मोडला नाही. पण त्या लोकांनी प्रयोगात शिरायला होकार दिला होता का? मुलाखत देणारा निदान दार लावून घेऊ शकतो.

शाईचा डाग

मुद्दा मान्य, पण तो वेगळ्या धाग्याचा. तिथे प्रश्न संमतीच्या पलीकडचा आहे: निकाल फिरण्याइतकं मोठं काही करायचंच का. अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेच्या २०२० च्या तत्त्वांत राजकीय प्रक्रियेवर होणाऱ्या परिणामांचा वेगळा विचार आहे तो त्यासाठीच.

मोजपट्टी, तुमच्या फेरतपासणीला पत्ते लागणार. म्हणजे सह्या गेल्या आणि पत्त्यांची यादी आली. फरक काय?

मोजपट्टी

यादीच्या आयुष्याचा. पत्ते वेगळ्या उपकरणात, उत्तरांशी जोड नाही, फेरतपासणी अठ्ठेचाळीस तासांत, नंतर यादी नष्ट. संमतीपत्रं कपाटात वर्षानुवर्षं पडून राहतात. फोनचा क्लाउड बॅकअप मात्र आधी बंद करा, नाहीतर पुसलेलं दुसरीकडे जिवंत असतं.

तळटीप

एक राहिलं. बाहेरून आलेला संशोधक विमानाने परत जातो, सोबत फिरलेला स्थानिक सहायक तिथेच राहतो. कोण कोणाच्या घरी गेलं हे गावाला त्याच्यामुळे कळतं. त्याची संमती कुणी घेतंय का? आणि नाव झाकून 'दुसऱ्यांदा निवडून आलेल्या महिला उपाध्यक्षा' लिहिलं तर तालुक्यात त्या एकच असतात. पाचपेक्षा कमी माणसांचा गट होईल असं वर्णन छापू नये.

खोडरबर

ठीक, सहीचा हट्ट सोडतो. पण एक सांगा. समितीचा दुसरा नियम असतो, नंतर माघार घेता यावी. नाव नाही, सही नाही, पत्त्यांची यादी जाळली. महिन्याने ती बाई म्हणाली, "माझं बोलणं काढून टाका", तर कुणाचं काढणार?

मोजपट्टी

क्रमांकाची चिठ्ठी देतात.

शाईचा डाग

चिठ्ठी तिच्या घरात सापडली तर? मग तो तुमच्या कपाटातला कागद तिच्या डब्यात गेला, एवढंच.

मोजपट्टी

मग मुदत घाला आणि संमतीच्या मजकुरातच सांगा: 'परवापर्यंत सांगितलंत तर काढता येईल, नंतर आम्हालाही ओळखता येणार नाही.' दीड मिनिटाचे पावणेदोन होतील.

खोडरबर

समिती मानेल?

मोजपट्टी

अर्जात 'माघार घेता येणार नाही' असं लिहिलंत तर नाही. 'ओळख पुसल्यानंतर माघार तांत्रिकदृष्ट्या अशक्य' असं लिहून पुसण्याचा दिवस दिलात तर शक्यता आहे.