धुराच्या नियमांमुळे गाड्या टिकाऊ झाल्या का?

पाषाणकर (प्रश्न):
वडिलांनी १९९४ साली घेतलेली कार्ब्युरेटरची (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यांत्रिक भागाची) गाडी थंडीत चोक ओढून पाच मिनिटे घरघरत ठेवावी लागे, आणि डिकीत प्लग घासायचा पॉलिश पेपर कायम असे. माझ्या गाडीचे बॉनेट सर्व्हिसिंगखेरीज उघडतच नाही. नियम तर हवेसाठी होते. मग या टिकाऊपणात त्यांचा काही हात आहे, की तंत्रज्ञान आपोआपच इथवर आले असते?

यंत्रवेडा:
हात आहे, आणि बराच आहे. अमेरिकेत हवा स्वच्छ ठेवण्याच्या १९७० च्या कायद्यामुळे १९७५ च्या मॉडेलांपासून बहुतेक गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा सायलेन्सरच्या नळीतला भाग, बसला. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या शिशाने तो निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आले. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत आणि २००० मध्ये देशभर. शिशाबरोबरच, त्याचे थर सिलिंडरमध्ये साठू नयेत म्हणून पेट्रोलमध्ये मिसळली जाणारी क्लोरीन-ब्रोमीनची संयुगेही गेली. त्यांच्यापासून होणारी आम्ले सायलेन्सर आतून खात आणि ऑइल नासवत.

पुढे आलेला थ्री-वे (तीन प्रकारचे वायू एकदम कमी करणारा) कन्व्हर्टर हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ राहिले तरच नीट चालतो. साध्या कार्ब्युरेटरला ते साधत नाही, म्हणून धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आणि मोजून पेट्रोल फवारणारे इंजेक्शन आले. चोक ओढल्यावर जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढी आणि रिंगा झिजत. ती झीजही त्यामुळे कमी झाली. तंत्रज्ञान कधीतरी आले असते हे मान्य. पण अमेरिकेत कन्व्हर्टर आणि इंजिनाचा संगणक यांवर ८ वर्षे किंवा ८०,००० मैलांची हमी कायद्यानेच द्यावी लागते, तेव्हा हलका माल वापरणे कंपनीलाच महागात पडते.

गॅरेजवाला:
मी पंचवीस वर्षे गॅरेज चालवतो. पूर्वी माझी निम्मी कमाई ट्यूनिंगची होती: पॉइंटचा गॅप लावणे, जेटमधला कचरा फुंकून काढणे, कान देऊन आयडलिंग जुळवणे. आता गिऱ्हाईक येते ते डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला म्हणून. एक सांगतो, तो दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढे दामटू नये. तेव्हा बहुधा मिसफायर चालू असतो, न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो आतून वितळतो.

सातारी_डिझेल:
हे सारे पेट्रोल गाड्यांचे कौतुक झाले. माझ्या बीएस-६ (धुराच्या नव्या भारतीय नियमांतल्या) डिझेल गाडीचा काजळीचा फिल्टर दीड वर्षात दोनदा तुंबला, आणि दोन्ही वेळा ती टो करून न्यावी लागली. माझ्या जुन्या डिझेल गाडीला असला फिल्टरच नव्हता. याला टिकाऊपणा कसा म्हणावा?

गॅरेजवाला:
तक्रार रास्त आहे. डिझेलच्या बाबतीत नियमांनी नाजूक भागच वाढवले. आपले रोजचे जाणे-येणे किती आहे?

सातारी_डिझेल:
घर ते ऑफिस चार किलोमीटर.

गॅरेजवाला:
मग फिल्टर तापून काजळी जळायच्या आत आपण गाडी बंद करता. आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा तास सलग चालवा, आणि पुढची गाडी पेट्रोल घ्या.